इंडियाच्या बॅगेतला साबण

मैत्रिणींनो, आज सेलमध्ये लव्हेंडरचा जांभळा साबण अगदी स्वस्तात मिळाला. घरी आल्यावर हात सवयीने कपाटातल्या बॅगेकडे गेला. इंडियाला न्यायच्या गिफ्ट्सची बॅग, तुमच्याकडेही असेलच! इथे अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोत आल्यापासून जे जे सुंदर दिसलं, ते मी त्या बॅगेत टाकलंय आणि स्वतः मात्र भांड्यांच्या लिक्विडनेच हात धुतेय.

आज म्हटलं, बास! साबण सरळ बेसिनवर ठेवला. बॅगेतली मेणबत्ती काढून टेबलवर लावली.

संध्याकाळी नवरा ऑफिसमधून आला आणि दारातच थबकला. "अगं, कोण येणार आहे?"

"कोणी नाही. आपण राहतो ना इथे!"

तो हात धुवायला गेला आणि हातांचा वास घेतच बाहेर आला.

तुम्ही आज बॅगेतलं काय बाहेर काढताय?