रविवारचं टायमिंग

नव्वदच्या दशकात आमच्या कॉलनीत गाड्या मोजून पाच-सहा होत्या. त्यातली एक आमची. पप्पांनी ती चौथ्या मालकाकडून घेतली होती. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं प्रेसवर पत्रा ठोकलेला माणूस रविवारी सकाळी स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून उभा राहिला की फार रुबाबदार दिसायचा.

त्यांचा हातखंडा टायमिंगमध्ये. इंजिनातलं पेट्रोल पेटवणारी ठिणगी नेमकी कधी पडावी, ते जुळवायचं. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर नावाचा मुठीएवढा डबा असतो. त्याचा नट सैल करायचा, डबा केसभर इकडे किंवा तिकडे फिरवायचा आणि ऐकायचं. ठिणगी उशिरा पडली तर गाडी चढावर रडते. फार लवकर पडली तर इंजिन आतून वाजतं, डब्यात चणे हलवल्यासारखं, आणि तसंच दामटत राहिलं तर पिस्टनची वाट लागते. गॅरेजवाले दिवा लावून खूण बघत. पप्पांना त्या दिव्याचं हसू यायचं. "दिव्याला काय कळतंय? ऐकावं लागतं," म्हणायचे. शेजारीपाजारीही गाड्या घेऊन यायचे. "जय भीम, भाऊ. जरा बघा ना, गाडी ओढतच नाय." मग पप्पा डोळे मिटून डबा फिरवायचे, चहा गार व्हायचा आणि आई आतून करवादायची.

पप्पा निवृत्त झाले त्याच वर्षी मला सुरगाण्याकडे शाळेत नोकरी लागली. दर सोमवारी सकाळी ते मला सोडायला यायचे. मागच्या सीटवर आठवड्याचा किराणा, रॉकेलचा कॅन, पुस्तकांची खोकी. वणी सोडून चढ लागले की मला ते चणे ऐकू यायला लागले. पहिल्या सोमवारी वाटलं, किराण्यातलंच काहीतरी वाजतंय. दुसऱ्या सोमवारी सगळे डबे मांडीवर घेऊन बसले. आवाज इंजिनाचाच होता. मी पप्पांकडे पाहिलं, तर ते मजेत शीळ घालत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टीव्हीचा आवाज का वाढत चालला होता, मी बोलताना ते माझ्या ओठांकडे का बघायचे, सगळं कळलं. प्रेसच्या दणक्यानं आधी बारीक आवाज जातात, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. पप्पांना चणे ऐकूच येत नव्हते, म्हणून ते दर रविवारी डबा आणखी थोडा पुढे, ठिणगी लवकर पडेल असा, सरकवत होते. आपल्या गाडीचा, आणि विश्वासानं आलेल्या लोकांच्याही.

एरवी मी कंडक्टरशी दोन रुपयांसाठी भांडणारी बाई. इथे मात्र दोन सोमवार माझी वाचा बसली. सांगितलं तर त्यांचा रविवार जाणार होता, आणि दुसरं काय उरलं होतं त्यांच्याकडे? चौथ्या सोमवारी आवाज इतका वाढला की राहवेना.

"पप्पा, थांबवा. गाडी वाजतेय."

"कुठे वाजतेय?"

"महिना झाला. प्रत्येक चढावर."

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मग एवढंच म्हणाले, "आधी का नाही बोललीस?" मला रडू फुटलं. त्या प्रेसचा राग, माझा राग, सगळाच. उरलेला घाट त्यांनी बारक्या गिअरमध्ये हळूहळू पार केला.

पुढचे दोन रविवार बॉनेट बंद. शेजारचे काका आले, तर पप्पा "पाठ धरलीय" म्हणून पेपरात तोंड खुपसून बसले. पान उलटत नव्हतं. मी काहीतरी फोडून ठेवलंय अशा नजरेनं आई माझ्याकडे बघायची. मला जेवण गोड लागेना.

तिसऱ्या रविवारी काका पुन्हा आले. पप्पा उठले, पाना घेतला आणि मला हाक मारली. "बस आत. किल्ली मार."

"ताईंना कशाला त्रास, भाऊ?" काका म्हणाले.

पप्पा तेव्हा आधीच मोठ्यानं बोलायचे. त्या दिवशी चार घरांना ऐकू गेलं. "माझे कान प्रेसमध्ये गेले रे. तुझ्या गाडीचं टायमिंगही मी बिघडवलं असेल, माफ कर. आजपासून ही ऐकणार, मी फिरवणार."

काकांची आणि आमची, दोन्ही गाड्या आम्ही पेठ रोडच्या चढावर नेल्या. मी हातानं खूण करायची, अजून मागे, अजून थोडं, बस. आमच्या डब्यावर त्या जागी त्यांनी माझ्या नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली. चारचौघांत अशी कबुली द्यायला काय लागतं, हे मी त्या रविवारी पाहिलं. पप्पांनी मला पुष्कळ दिलं, पण मी सर्वांत जास्त ऋणी आहे ती याबद्दल.

पुढे बरीच वर्षं आमचे रविवार असेच गेले. मग मी नवी गाडी घेतली. तिचं टायमिंग कॉम्प्युटरच बघतो. जुनी न्यायला निफाडचे एक द्राक्षबागायतदार आले. इंजिन ऐकून खूश झाले. "टायमिंग कोण करतं हो?"

पप्पांना आता काहीच ऐकू येत नव्हतं. मी म्हणाले, "पप्पा करतात." त्यांनी माझे ओठ वाचले, मान हलवून नाही म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं.