दोन मुक्या पट्ट्या

इंग्लंडातल्या ग्रिम्स्बी बंदराच्या मासळी-कारखान्यात हॅडक माशाचे तुकडे डब्यांत भरणारी लिंझी ब्लँचर्ड एकेकाळी इंडी बँडमध्ये होती, हे तिच्या पाळीतल्या बायकांना अजून खरं वाटत नाही. बँडचं नाव ‘द कोच आउटिंग’, आयुष्य सतरा महिने. आईबापांच्या काळातल्या न्यू वेव्ह संगीताचं बँडमधल्या चौघांनाही खूळ. आखूड कोट, तुटक गिटार आणि स्टेजवर कुणी हसायचं नाही.

लिंझीचा कीबोर्ड चर्चमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीतला. त्याच्या दोन पट्ट्या वाजतच नसत. दुसरा कीबोर्ड शोधायचा सोडून गायक क्रेग टास्करने सगळी गाणी त्या दोन सुरांना वळसा घालून बांधली. चालींना त्यामुळे एक लंगडी, गोड उडी आली आणि लोक नेमके त्या उडीवरच भाळले.

मग लंडनची एक रेकॉर्ड कंपनी दारात आली. स्टुडिओत नवाकोरा कीबोर्ड मांडला होता. कंपनीच्या माणसाने चालीतल्या मोकळ्या जागा भरून वाजवायला सांगितलं. लिंझीची बोटं मात्र त्या दोन पट्ट्यांवरून उडी मारूनच जात. तीन दिवस तिने जिवाचं रान केलं, पण हाताची खोड जाईना.

पंधरा दिवसांनी क्रेग म्हणाला, “त्यांनी नाही म्हटलं.” बँड मोडला. आपल्यामुळेच सगळ्यांचं नशीब बुडालं, असं लिंझीने मनाशी धरलं. तिने कीबोर्ड देऊन टाकला आणि क्रेग समोरून आला की ती रस्ता बदलू लागली.

अशी वीस वर्षं गेली. क्रेगची आई वारली तेव्हा मात्र तिला जावंच लागलं. दफनानंतरच्या चहाला हॅमची सँडविचेस पुढ्यात घेऊन दोघं शेजारी बसली.

“माझ्या बोटांनी घात केला रे तुझा,” ती एकदाची बोलली.

क्रेगने कप खाली ठेवला. “कंपनी हो म्हणाली होती, लिंझ. फक्त कीबोर्डवर त्यांचा माणूस हवा होता. मीच नाही म्हटलं.”

लिंझीने रागाने सँडविचची बशी दूर ढकलली. तिला रडूही आलं.

“आणि मी वीस वर्षं तोंड लपवून फिरले, गाढवा! मला विचारायचं तरी होतंस.”

“विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

“जा म्हणाले असते. माझ्याशिवाय जा.”

“म्हणूनच नाही विचारलं.”