बिबट्याच्या लेकरांचं न्हाणं

बिबट्याच्या पिल्लांना तेल चोळून न्हाऊ घालणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच बाई.

बारा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि कोपरगावजवळच्या आमच्या वस्तीवर तान्ह्या बाळांना न्हाऊ घालण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. (बाळं टाहो फोडायची. मी म्हणायची, छाती मोकळी होते!) आमच्या उसाला तोड आली होती. दुपारच्याला तोडणारी सखू ओरडली, "काकू, इकडं या! पाचटात दोन पिल्लं हायेत!"

करडी, ठिपक्याठिपक्यांची, डोळे नुकते उघडलेली.

"मांजरीची हायेत," मी निकाल दिला.

"आवं, मांजराचा पंजा एवढा आसतुया व्हय?"

"बाळसं धरलंय गं! आन् आई बघ कशी टाकून गेली."

सखू मागं सरकली. मी मात्र दोघांना पाटीत घातलं आणि थेट न्हाणीघर गाठलं!

तिथं माझ्या अंगात संचारलंच. दोघांना एकेक करून पायांवर आडवं घेतलं, खोबरेल चोळलं, डाळीचं पीठ लावलं, कोमट पाणी घातलं. एकानं पोटरी ओरबाडली. "गुणाचं गं ते!" म्हणत मी रक्त पुसलं. मग शेगडीवर ओवा टाकून धुरी दिली. शेवटी गालाला काजळाची तीट लावली. (ठिपक्यांच्या अंगावर आणखी एक ठिपका! लावला कुठं ते मलाच सापडेना.)

तेवढ्यात आमचे हे शेतातून आले. पाटीत डोकावले आणि दोन पावलं मागं उडाले.

"अगं, ही मांजरं न्हाईत!"

"मग काय हाय?"

"ह्यांची आई आली म्हंजे कळंल तुला!"

ह्यांनी फॉरेस्टला फोन लावला. गार्ड आले, दारातच नाक वर करून हुंगू लागले. "मावशी, घरात बाळंतीण आहे का?"

"न्हाई. हीच दोघं."

गार्डनी पिल्लं उचलून हुंगली आणि कपाळाला हात लावून ओट्यावर बसले. "मावशी, मादी पिल्लं वासावरून ओळखते हो! आता जिथं सापडली तिथंच ठेवतो. आईनं नेली तर नेली. नाहीतर ही दोघं जन्मभर पिंजऱ्यात."

"जन्मभर?"

"शिकार कोण शिकवणार? तुम्ही?"

गार्डनी पिल्लांना पाचटात, मातीत घोळवलं, पण ओव्याचा वास काही हटेना. हे म्हणाले, "काजळ आधी पूस. न्हाईतर ती म्हणंल, शेजारणीचीच पोरं दिसत्यात!" पिल्लं टोमॅटोच्या प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये घालून त्याच सरीत ठेवली, बांधावरच्या बाभळीला कॅमेरा बांधला, तोड थांबवली आणि आम्ही दिवसाउजेडीच कड्या लावून बसलो. मी देव पाण्यात घातले.

सकाळी गार्ड मोबाईल घेऊन आले. "बघा."

दिवेलागणीची वेळ. मादी आली, तिनं पंजानं कॅरेट आडवं पाडलं. पहिलं पिल्लू हुंगलं आणि ती शिंकली! मागं सरली.

"गेली वाटतं," मी डोळेच मिटले.

"मावशी, बघा तरी!"

मादी पुन्हा पुढं आली, पुन्हा शिंकली, आणि मग फतकल मारून चाटायलाच बसली. मानेपासून शेपटापर्यंत, कानामागं, पोटावर. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की परत पहिलं. तेल, पीठ, धुरी, काजळ, सगळं निघाल्यावर तिनं एकाला तोंडात धरलं, उसात नेलं. मग दुसऱ्यासाठी परत आली.

मी पदर डोळ्यांना लावून रडले. "नेली हो! दोन्ही नेली!"

आता विचार करते, माझ्या हातचं न्हाणं झाल्यावर बाळ पुन्हा धुऊन काढणारी ती पहिलीच आई. वस्तीवरच्या बाकीच्या बिचाऱ्या माझ्या तोंडाला भिऊन गप्प बसल्या असणार!