संपातला आवाज

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मला भुताखेतांची हौस आहे असं कुणाला वाटायला नको. मी अडतीस वर्षांची आहे. अमावस्येला नखं कापते, मांजर आडवं गेलं तर त्याला वाट देऊन पुढे जाते. आमचं घराणं मूळचं लातूरकडचं, पण तीन पिढ्या हैदराबादेत गेल्या. त्यामुळे मराठी लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी मी नारायणगुड्याच्या एका कॉलेजात पत्रकारितेचा डिप्लोमा करत होते. वर्गातली मुलं माझ्या निम्म्या वयाची. त्यात ध्वनीचा एक पेपर होता, तो शिकवायला फारूक सर. पहिल्याच तासाला ते म्हणाले, "शांतता एकसारखी नसते मॅडम. हर कमरे की अपनी खामोशी होती." म्हणजे प्रत्येक जागेचा, कुणी बोलत नसतानाचासुद्धा एक आवाज असतो. बातमीसाठी कुठे गेलात की तो एक मिनिट रेकॉर्ड करून आणायचा. हेडफोन कानाला, हलायचं नाही, बोलायचं नाही.

परीक्षेसाठी तीन मिनिटांची रेडिओ बातमी करायची होती. विषय मला शोधावा लागला नाही. आम्ही अंबरपेठेत राहतो, चार मजली अपार्टमेंट. महिनाभरात आमच्या बिल्डिंगमधल्या चार मुलांना कावीळ झाली होती, त्यात माझी जुई. नऊ वर्षांची पोर... डोळे हळदीसारखे पिवळे, वरणभातसुद्धा पोटात ठरेना. मला पाण्याचा संशय होता. पण बिल्डिंगच्या कमिटीचे प्रेसिडेंट राव गारू, म्हणजे रावसाहेब, ऐकायलाच तयार नव्हते. "मुलं बाहेर पाणीपुरी खातात अम्मा. पाण्याला नावं नका ठेवू, फ्लॅटचे भाव पडतील."

मी ठरवलं, बातमी हीच करायची.

मार्चमधला मंगळवार होता, दुपारचे तीन वाजले होते. पार्किंगमध्ये जिन्याखाली पंपाची खोली आहे आणि तिच्याखाली पाण्याची टाकी. इथे तिला संप म्हणतात. कॉलेजचा रेकॉर्डर घेऊन मी आत गेले, दार लावलं. पंप बंद होता. झाकण उचलून पाहिलं तर टाकी काठोकाठ भरलेली. झाकण परत ठेवलं, त्यावर रेकॉर्डर ठेवला आणि मिनिटभर श्वास रोखून उभी राहिले. कानात हेडफोन होते. ऐकू आला तो फक्त रस्त्यावरच्या गाड्यांचा बारीक घरघराट.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात फाइल उघडली. स्क्रीनवर जवळजवळ सपाट रेघ असायला हवी होती, पण एकेचाळिसाव्या सेकंदाला तिथे एक उंचवटा. प्ले केलं.

पुरुषाचा आवाज. आधी खोकला, मग तेलुगूत एकच वाक्य — "ई नीळ्ळु तागोद्दम्मा." हे पाणी पिऊ नको, बाई.

पहिला विचार आला तो भुताचा नव्हता, रागाचा होता. कुणीतरी चेष्टा करतंय! वर्गातल्या प्रत्येकाला धरून विचारलं. शेवटी सरांकडे गेले. त्यांनी डोळे मिटून ते चार-पाच वेळा ऐकलं.

"कार्ड में पुराना कुछ था?"

"नाही सर. त्याच सकाळी मी पूर्ण पुसलं होतं."

"बाहर का भी नई है ये, बाहेरून आलेला नाही." मग त्यांनी ते वाक्य पुन्हा लावलं. "आवाज कसा घुमतोय ऐका. हा माणूस मोठ्या रिकाम्या टाकीत उभा राहून बोलतोय. संप रिकामा था क्या?"

"नाही. भरलेला होता. मी स्वतः पाहिलं."

सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "मग मला माहीत नाही. और एक बात, ये बातमी में नक्को डालो. जे सिद्ध करता येत नाही ते बातमीत जात नाही."

मला पटलं. पण बातमीत घालता येत नाही म्हणजे शोध घेता येत नाही असं थोडंच आहे?

बिल्डिंगमधल्या सगळ्यात जुन्या रहिवासी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या पद्मा आंटी. त्यांना मोबाइलवर ते ऐकवलं. कुठून आणलं ते सांगितलं नाही. त्या लगेच म्हणाल्या, "अरे, हा तर यादगिरी! आपला पंप तोच बघायचा. सहा वर्षांपूर्वी त्याला काढून टाकलं." मग त्या बावरून माझ्याकडे बघायला लागल्या. "पण तू हे कधी रेकॉर्ड केलंस? त्याचं तर गळ्याचं ऑपरेशन झालंय. तीन वर्षं झाली, त्याला बोलताच येत नाही."

पत्ता घेऊन मी त्याच संध्याकाळी गेले. भाजी मार्केटमागे एक खोली. यादगिरी दाराशी खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती पांढरा रुमाल. त्यांची बायको सायम्मा आत भाकरी थापत होती. मी कोण, काय शिकते, मुलगी आजारी आहे, सगळं सांगितलं. मग फोन पुढे धरला.

खोकला ऐकताच सायम्मा बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच.

"मा आयन गोंतु," त्या म्हणाल्या. आमच्या ह्यांचा आवाज.

यादगिरींनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वही ओढली आणि भराभर लिहायला लागले. सायम्मा अडखळत वाचून दाखवत होत्या. संप रिकामा करून ते आत साफ करत होते. पूर्वेच्या भिंतीतून घाण पाणी झिरपताना दिसलं, पलीकडून ड्रेनेजचा पाइप जातो, त्याचा जोड फुटलेला. त्याच वेळी सायम्मा डबा घेऊन आल्या आणि वर पार्किंगमधल्या नळाला, ज्याला याच संपाचं चढवलेलं पाणी येतं, बाटली लावायला लागल्या. तेव्हा आतून त्यांनी ओरडून हे वाक्य सांगितलं होतं. तिला. बायकोला.

"हो, मलाच," सायम्मा म्हणाल्या. "पण तेव्हा आमच्याकडे असला फोन कुठे होता? कुणी रेकॉर्ड केलं?"

यादगिरींनी पुढे लिहिलं होतं, भिंतीतली चीर सिमेंटनं तात्पुरती बुजवली, पाइप बदला म्हणून प्रेसिडेंटना सांगितलं. दुसऱ्याच महिन्यात त्यांची नोकरी गेली.

मला हवं ते मिळालं होतं. भिंत कुठली, पाइप कुठला. मी संपाचं पाणी बाटलीत भरून लॅबला दिलं. रिपोर्ट आला, पाण्यात मैल्याचे जंतू. तो घेऊन चारही मुलांच्या आयांना बरोबर घेतलं आणि राव गारूंच्या दारात उभी राहिले.

"पूर्वेची भिंत खोदा," मी म्हटलं.

"कुठली भिंत ते तुला कुणी सांगितलं?"

"ज्यांना तुम्ही काढून टाकलंत, त्यांनी. वहीत लिहून दिलंय, त्यांच्या सहीनं. आज खोदत नसाल तर मी हा रिपोर्ट प्रत्येक दारावर चिकटवते."

वहीचं नाव काढताच ते खाली बघायला लागले. तिसऱ्या दिवशी खोदलं. जोड फुटलेला होता, यादगिरींनी सांगितला अगदी तिथेच.

पाइप बदलताना संप पूर्ण रिकामा केला तेव्हा मी एक गोष्ट केली. आत उतरलेल्या प्लंबरला तेच वाक्य बोलायला लावलं आणि वरून रेकॉर्ड केलं. सरांनी दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावल्या. माणसं वेगळी, पण घुमणं तेच. तीच टाकी, रिकामी. सर उठले आणि खिडकी उघडून उभे राहिले.

बातमी मी पूर्ण केली. त्यात लॅबचा रिपोर्ट आहे, आयांचे आवाज आहेत, राव गारूंचं "चौकशी करू" आहे आणि सायम्मांनी वाचलेली वही आहे. तो आवाज नाही. जुई आता शाळेत जाते, पुन्हा आरडाओरडा करते.

मूळ फाइल मी सायम्मांच्या मुलीच्या फोनवर पाठवली, कारण त्यांच्याकडे यादगिरींच्या आवाजाचं दुसरं काहीच नव्हतं, लग्नाचासुद्धा व्हिडिओ नाही. सायम्मांनी फोन कानाशी घट्ट धरला. तीनदा ऐकलं. चौथ्यांदा वाक्य संपलं तशी त्या फोनलाच म्हणाल्या, "सरे, तागनु." बरं, नाही पीत. शेजारी बसलेले यादगिरी हसले... नुसते खांदे हलले, आवाज नाही.

भरलेल्या टाकीवर ठेवलेल्या, कॉलेजनं आदल्या वर्षीच विकत घेतलेल्या रेकॉर्डरमध्ये सहा वर्षांपूर्वीचं वाक्य कुठून आलं? सरांनी त्यांच्या ओळखीच्या दोन साउंड इंजिनिअरना ऐकवलं. एक म्हणाला मशीनचा दोष, दुसऱ्यानं फाइल परत पाठवून दिली. मी स्वतः अजून दर मंगळवारी तीन वाजता तिथे रेकॉर्डर लावते. एकेचाळिसाव्या सेकंदाला काहीही नसतं. मला याचं कारण सापडलेलं नाही, पण शोधायचं मी सोडलेलंही नाही.