खोक्यातली कोंबडी

“त्या दिवशी तंबूत पडद्याशेजारी उभा राहून मी एकेक वाक्य कानडीत सांगत होतो. घरमालक भाडेकरूच्या बाजाच्या पेटीचा खोका उघडतो, आत अंड्यांवर बसलेली कोंबडी निघते, आणि भाडेकरू मालकाला विचारतो, ‘दार वाजवून आत यायची रीत नाही का तुमच्यात?’ हे वाक्य मी उच्चारले मात्र, सारा तंबू हसण्याने हादरला. याहून थोर विनोदी चित्रपट झाला नाही आणि होणार नाही, हे आमच्या गावाने त्याच क्षणी ठरवले.”

हा उतारा आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी आलेल्या लेखातला आहे. लिहिणारे आमचे निवृत्त मुख्याध्यापक. सीमाभागातल्या आमच्या मन्नाएखेळ्ळी गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. त्यांच्या आठवणीबद्दल नाही.

वादाचे मूळ सांगतो. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात यंदा एक जुना विनोदी चित्रपट दाखवायचा ठरला, आणि सर्वांत थोर कोणता, यावर हमरस्त्यावरच्या हॉटेलात दोन महिने रोज सकाळी भांडण पेटले. शेवटी दोन चित्रपट उरले. त्यांची नावे मी लिहीत नाही. लिहिली तर वाचणारेही दोन तट करून बसतील. एक कृष्णधवल, गाणे न जमणाऱ्या गायकाचा आणि त्याच्या खाष्ट घरमालकाचा. तो गुरुजींचा. दुसरा रंगीत, दोन चुलतभावांच्या दुकानाचा. तो माझा.

“अप्पा, तुमच्या पिक्चरात माणसं पडतेत, उठतेत, परत पडतेत,” गुरुजी म्हणाले. “त्यात हसण्यासारखं काय हाय?”

“तुमच्या पिक्चरात कुणीच पडत न्हाई,” मी म्हणालो. “फक्त बघणारा पडतो, झोपेनं.”

हॉटेलवाले अण्णा बशी पुसत म्हणाले, “दोघंबी च्या प्या आधी. थंड व्हायलाय.”

गुरुजींनी चहाला हात लावला नाही. त्यांनी खिशातून घडी घातलेला लेख काढला आणि वर दिलेला उतारा मोठ्याने वाचला. तंबूतले ते हसू हाच त्यांचा सगळ्यात मोठा पुरावा होता. दुसऱ्या कुठल्या पिक्चरला हे गाव असे हसले, ते सांगा, असे त्यांचे आव्हान होते. गाव हसले होते हे मला मान्यच होते. मीही त्या तंबूत होतो.

तंबूतल्या सिनेमाची आमच्याकडची रीत आता फार थोड्यांना ठाऊक आहे. आत मधोमध कनात असायची. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मराठी चित्रपट आला की प्रेक्षकांतल्या अर्ध्यांना तो कळायचा नाही, म्हणून दोन्ही भाषा येणारा एक जण उभा राहून कानडीत सांगत जायचा. पुरुषांच्या बाजूला त्या दिवशी गुरुजी होते, हे मी नाकारत नाही. तेव्हा ते नुकतेच शिक्षक झाले होते आणि धडा समजावून सांगावा तसे सांगत होते. पण बायकांना त्यांचा आवाज पोचत नव्हता. त्यांच्या बाजूला, माझ्या आईशेजारी, ठाणाकुशनूरहून नुकतीच सून होऊन आलेली एक मुलगी बसली होती. तिच्या माहेरी मराठी, कानडी आणि थोडी तेलुगू एकाच चुलीभोवती बोलली जाई. “एनंतान?” काय म्हणतोय तो, असे शेजारणींनी विचारले आणि तिने सांगायला सुरुवात केली. ती माझी पत्नी.

खोक्याच्या प्रसंगाला हसू उसळले ते कनातीच्या पलीकडून. पुरुषांनी माना वळवल्या, तिचे वाक्य कनातीवरून कानोकानी इकडे आले आणि मग तेही हसले. हे मी हॉटेलात सांगितले, तेव्हा गुरुजी खुर्चीवरून उठले.

“तुमचा रंगीत पिक्चर जिंकावा म्हणून बायकोला मधी आणायलाव काय?” ते म्हणाले. “पन्नास वर्षांत कधी बोलला न्हाईत ते आज आठवलं?”

हा घाव वर्मी बसला. पन्नास वर्षांत मी खरोखरच कधी बोललो नव्हतो.

घरी आलो. पत्नी सुपात तूर निवडत होती. मी तिला लेखाची प्रत वाचून दाखवली. माझी अपेक्षा होती की ती चिडेल. ती तुरीतले खडे काढत राहिली.

“गुरुजी चांगलं लिहितेत,” ती म्हणाली. मग सुपावरची नजर न काढता, “पण माझी कोंबडी कामून नेली त्यांनी?”

“तुझी कशी? कोंबडी पिक्चरातली आहे.”

“व्हय? तुमी बघितली?”

मी आठवू लागलो. पडद्यावर खोक्याचे झाकण प्रेक्षकांच्या बाजूने वर होत होते. आतले काही दिसत नव्हते. शेजारणींनी विचारले, खोक्यात काय आहे? नेमके तेव्हाचे वाक्य यंत्राच्या घरघरीत हिला ऐकू आले नव्हते. काहीतरी सांगणे भाग होते. “मग मी आमच्या घरची कोंबडी बसवली त्यात,” ती म्हणाली. “आणि दार वाजवायचं ते आमची आई म्हणायची. बाबा अंडी काढायला गेले की.”

इथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. सासऱ्यांकडे भजनी मंडळाची बाजाची पेटी होती. आमच्या लग्नात ती बाहेर काढली, तेव्हा तिच्या रिकाम्या खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली साऱ्या वऱ्हाडाने पाहिली होती. मीही पाहिली होती. सिनेमातही तसेच आहे, याची मला पुढे कित्येक वर्षे गंमत वाटे. शंका एकदाही आली नाही. दुसऱ्यांच्या आठवणी तपासत फिरणाऱ्या माणसाला हे शोभणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात जाहीर केले की कोंबडी चित्रपटात नाहीच. गुरुजी हसले.

“गावातल्या कुठल्याबी म्हाताऱ्याला विचारा. सगळ्यांना कोंबडी आठवते. एवढं सगळं गाव खोटं, आणि तुमची मंडळी तेवढी खरी?”

अण्णाही माझ्याकडे न बघता म्हणाले, “अप्पा, मलाबी आठवतीय हो. तांबडी होती.”

चित्रपट कृष्णधवल आहे, याची आठवण मी त्यांना करून दिली नाही. माझे धाडस तेवढ्यात ओसरले होते. मंडळाने त्या चित्रपटाची पूर्ण प्रत मिळवली होती, आणि रविवारी दुपारी सभागृहात ती चालवून बघायची होती. कोंबडी निघाली, तर मी पत्नीला साऱ्या गावासमोर खोटे ठरवले, असे होणार होते. आणि तिने मला काहीही करायला सांगितले नव्हते.

“येतेस?” मी रविवारी तिला विचारले.

“मला काय बघायचंय? मला माहीत हाय.” मग दारापर्यंत येऊन ती म्हणाली, “माझं नाव नका घालू कुठं. पण कोंबडी तेवढी आणा परत.”

सभागृहाच्या खिडक्या बंद करून आम्ही सहा जण बसलो. गुरुजी पुढच्या रांगेत, शेजारी अण्णा, त्यांच्यापलीकडे मी. पाऊण तास गेला. गायक गायला, शेजाऱ्यांनी भांडी आपटली, आणि त्या थोर चित्रपटाला आमच्यापैकी एकही जण हसला नाही. मालक जिना चढू लागला, तेव्हा मी खुर्चीच्या कडेला सरकलो. तो खोलीत शिरला. खोक्यापाशी वाकला. झाकण वर झाले, अगदी आठवत होते तसेच, आमच्या बाजूने. गुरुजींचे ओठ हलताना मला दिसले. ते आपले वाक्य कानडीत म्हणत होते.

मालकाने खोक्यात हात घातला आणि मळके धोतर बाहेर ओढले. त्यामागून सदरा. त्यामागून आणखी एक धोतर. भाडेकरू म्हणाला, परीट आलाच नाही या आठवड्यात. तंबूत हे कुणी बघितलेच नव्हते; तेव्हा माना कनातीकडे वळल्या होत्या आणि वाक्य हसण्यात बुडाले होते.

“मागं घ्या,” गुरुजी म्हणाले.

मागे घेतले. धोतर, सदरा, धोतर. तीन वेळा बघितले.

“कापलंय,” गुरुजी म्हणाले. “कोंबडी कापलीय ह्यातून.”

झाकण उघडल्यापासून परिटाच्या वाक्यापर्यंत दृश्य कुठे तुटत नाही, हे अण्णांनीच त्यांना हळू आवाजात सांगितले. गुरुजी उठले, चप्पल घातली आणि निघून गेले. लेखातला एक शब्दही बदलणार नाही, असा निरोप त्यांनी दुसऱ्या दिवशी पाठवला. संपादकांनी तो लेख जसाच्या तसा घेतला आहे आणि त्यापुढचे पान मला दिले आहे. ते हेच.

गुरुजींचा चित्रपट कार्यक्रमात दाखवायला माझी आता हरकत नाही. रंगीत की कृष्णधवल, हा वाद आम्ही पुढेही घालू, आणि त्यात मीच बरोबर असेन. पण गाव ज्यासाठी हसले ते वाक्य गुरुजींनी भाषांतर करून सांगितले, असे छापील राहता कामा नये. जे चित्रपटात आहे त्याचेच भाषांतर होऊ शकते. गावाच्या आठवणी, गुरुजींचा मान, माझा अहंकार, सगळे बाजूला ठेवून ज्याला हवे त्याने मंडळात यावे आणि स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यावी.

त्या चित्रपटात कोंबडी नाही.