आजोबांचं अवॉर्ड

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पचे आमचे शेजारी, एक डच आजोबा, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे. मी आठवीत शाळा सोडलेली; नगरपालिकेची पत्रं मला तेच समजावून सांगायचे. लॉकडाउनमध्ये ते बिनपडद्याच्या खिडकीत बसून, दोन बोटांनी टाइप करत, इंटरनेटवर धर्माची टिंगल करणाऱ्यांना उत्तरं द्यायचे. एकदा खिडकीतून मला स्क्रीनवर त्यांचं नाव, सोनेरी कप आणि ‘अवॉर्ड’ दिसलं. मी लगेच शिरा करून डब्यातून नेला.

“अभिनंदन, आजोबा!”

दोन मीटर लांब उभं राहून त्यांनी तो सगळा संपवला. “अभिनंदन करणारी तू एकटीच,” एवढंच म्हणाले.

नंतर मुलीनं फोनवर शोधलं. “अगं आई, सगळ्यात मूर्ख उत्तराचं अवॉर्ड आहे ते! चेष्टेचं.”

दुसऱ्या दिवशी आजोबा डबा घासून परत द्यायला आले. माफीचे डच शब्द मला येत होते, त्यांनीच शिकवलेले. तरी मी नुसताच डबा घेतला.