अनू, रेनू, पानी

"थांबवा. परत लावा," पर्यवेक्षक सर म्हणाले.

प्रयोगशाळेतल्या स्मार्ट बोर्डवर मी बनवलेला व्हिडिओ चालू होता. लाल गोळा ऑक्सिजनचा, पांढरे दोन हायड्रोजनचे. ते जवळ येतात, जुळतात आणि माझा आवाज सांगतो, "हा पान्याचा रेनू."

सरांनी तेवढंच पुन्हा पुन्हा लावलं. मग सगळ्या शिक्षकांकडे बघून म्हणाले, "रेनू कोण? मॅडमची मावशी का?"

हशा पिकला.

मी सुरगाण्याकडची, डोंगरातल्या पाड्यावरची. आमच्या घरात 'ण' नाहीच. आई पानी म्हणते, मीही पानी म्हणते. बीएस्सी झाले, बीएड झाले, नाशिकला सातपूरच्या या शाळेत लागले, तरी जीभ तीच राहिली.

"व्हिडिओ उत्तम आहे," सर म्हणाले. "आवाज फक्त मराठीच्या मॅडमचा घालू. शाळा बघायला पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासमोर शोभा नको."

"चालेल सर," मी म्हणाले. राग आला नाही. काहीच आलं नाही. दात काढताना भूल देतात तसं तोंड झालं होतं. डबा खाल्ला, त्यात काय होतं ते आठवत नाही.

नववीच्या वर्गात व्हिडिओ नव्या आवाजात लागला. गोड, शुद्ध आवाज. गोळे माझे, रंग माझे. मी कोपऱ्यात उभी. संपल्यावर विचारलं, "काय तयार झालं?"

आमच्याच बाजूच्या पेठहून शिकायला आलेली एक मुलगी उठली.

"मॅडम, पा..."

थांबली. मागच्या बाकांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "एच टू ओ." आणि खाली बसली.

उत्तर बरोबर होतं. मला मात्र कानाखाली बसल्यासारखं झालं. तिला कुणी काही बोललंही नव्हतं.

मी बोर्डाचा आवाज बंद केला. व्हिडिओ पहिल्यापासून लावला आणि स्वतः बोलले. अनू. रेनू. पानी. मागे कुणीतरी खिदळलं. मी बोलत राहिले.

सर दारात आले. "आवाज बिघडला का?"

"नाही सर. मी बंद केला."

"उद्या पाहुणे येतायत, मॅडम."

"येऊ द्या. मीच बोलणार आहे."

"तुमची नेमणूक कंत्राटी आहे. लक्षात आहे ना?"

"आहे."

ते गेल्यावर तो गोड आवाजातला व्हिडिओ मी बोर्डावरून काढून टाकला. पुढचा धडा आम्लांचा आहे. चित्रं मी करणार, बोलणारही मीच. मला ठेवायचं की काढायचं, ते त्यांनी ठरवावं. जीभ मी बदलणार नाही.